‘फर्स्ट एडिशन’ छापलंय, तरी प्रत पहिली नाही: घोटाळा कुठे होतो आणि काय तपासायचं

पुस्तकात ‘फर्स्ट एडिशन’ असं स्वच्छ छापलेलं असतं. साल बरोबर, प्रकाशक बरोबर. आणि तरी जाणकार माणूस प्रत हातात घेतो, दोन-तीन ठिकाणी उघडतो आणि सांगतो, ही पहिली नाही. जुनी पुस्तकं जमवणाऱ्यांमध्ये ही तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. बहुतेकांचं चुकतं ते एकाच ठिकाणी: पुस्तक स्वतःबद्दल जे सांगतं तेच आपण साक्ष म्हणून धरतो. पण ती ओळ छापणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पन्नास वर्षांनंतरचा संग्राहक नव्हता. पुढच्या छपाईच्या वेळी कोणी ती काढायला विसरलं, किंवा काढायची गरजच वाटली नाही, की पाचव्या छपाईची प्रतही पहिली म्हणून मिरवते.

म्हणून तपासाची दिशा उलटी ठेवा. ही प्रत पहिली आहे हे सिद्ध करत बसू नका. ती पहिली असूच शकत नाही असं काही सापडतं का ते बघा. पहिलेपणाच्या खुणा कितीही जुळल्या तरी थोडी शंका उरतेच. उलट बाजूचा एक पक्का पुरावा मिळाला की विषय संपतो, आणि तुमचा वेळही वाचतो.

आधी शोधतोय काय ते ठरवून घेऊ. खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांची, एकदा केलेली जुळणी, किंवा तिच्यावरून घेतलेल्या प्लेटा, वापरून जितक्या प्रती छापल्या त्या सगळ्या मिळून एक आवृत्ती. त्याच प्लेटांवर प्रकाशकानं सहा वेळा कागद चढवला तर आवृत्ती एकच, छपाया सहा. म्हणजे सहाव्या छपाईवर ‘पहिली आवृत्ती’ लिहिणारा प्रकाशक खोटं बोलत नाही. संग्राहकाला मात्र पहिल्या आवृत्तीची पहिली छपाई हवी असते. त्या एका छपाईतही काम चालू असताना दुरुस्त्या झालेल्या असू शकतात, त्यामुळे काही प्रती दुरुस्तीआधीच्या आणि काही नंतरच्या निघतात. या तीन पातळ्या मनात वेगळ्या ठेवल्या की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

ज्या प्रती लगेच बाद होतात

सर्वांत सोपी चाचणी काळाची. पुस्तकावरचं साल ज्या काळाचं आहे त्या काळात अस्तित्वात नसलेली गोष्ट पुस्तकात दिसते का? नऊ अंकी पुस्तक क्रमांक ब्रिटनमध्ये १९६७ मध्ये सुरू झाला, १९७० मध्ये दहा अंकी आयएसबीएन आंतरराष्ट्रीय मानक झाला, आणि १ जानेवारी २००७ पासून तो तेरा अंकी झाला. १९५५ सालच्या पुस्तकाच्या कॉपीराइट पानावर आयएसबीएन असेल तर ते पान १९५५ मध्ये छापलेलं नाही, मग वर काहीही लिहिलेलं असो. तेरा अंकांच्या बाबतीत मात्र घाई करू नका. बारकोडखाली ९७८ ने सुरू होणारा आकडा २००७ च्या बराच आधीपासून छापत असत. त्यावरून काही ठरत नाही. नव्वदच्या दशकातल्या पुस्तकात कॉपीराइटच्या पानावरच ‘आयएसबीएन-१३’ असं दिसलं तर ती प्रत नंतरची.

मग ‘याच लेखकाची इतर पुस्तकं’ ही यादी वाचा. तिच्यात या पुस्तकानंतर आलेलं एखादं नाव असेल तर पुढे तपासायला काही उरत नाही. जॅकेटवर याच पुस्तकाची वृत्तपत्रांतली परीक्षणं छापली आहेत का, पुस्तकाला नंतर मिळालेल्या पुरस्काराचा किंवा त्यावरच्या चित्रपटाचा उल्लेख आहे का, हेही पाहा. इथे दोन गोष्टी जपायच्या. लेखकाच्या आधीच्या पुस्तकांची स्तुती किंवा इतर लेखकांनी आगाऊ दिलेले अभिप्राय पहिल्या छपाईवरही असतात. आणि जॅकेट हा सुटा कागद आहे. जॅकेट नंतरचं निघालं तर त्यातून जॅकेट बाद होतं, आतलं पुस्तक नाही. कुणीतरी वाईट जॅकेट फेकून नंतरच्या प्रतीचं चांगलं जॅकेट चढवलेलं असू शकतं. उलटंही होतं, आणि ते जास्त महागात पडतं.

कॉपीराइटचं पान: आकड्यांची ओळ

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या पुस्तकांत ‘१० ९ ८ ७ ६ ५ ४ ३ २ १’ अशी ओळ दिसते. तिच्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे त्या प्रतीची छपाई. दुसऱ्या छपाईला १ खरवडून टाकतात, तिसऱ्याला २. प्लेटवर नवी अक्षरं घालण्यापेक्षा असलेली पुसणं सोपं, एवढंच त्यामागचं कारण. क्रम कसाही असू शकतो: ‘१ ३ ५ ७ ९ १० ८ ६ ४ २’ अशी मांडणीही सर्रास दिसते, कारण दोन्ही टोकांकडून आकडे गेले तरी ओळ पानाच्या मध्यावर राहते. टोकाला कुठला आकडा आहे ते बघू नका, सगळ्यांत लहान कुठला ते बघा.

या नियमाचा सर्वांत प्रसिद्ध अपवाद रँडम हाउसचा. या प्रकाशनानं अनेक वर्षं पहिल्या छपाईत ‘फर्स्ट एडिशन’ हे शब्द आणि २ पासून सुरू होणारी ओळ असं एकत्र छापलं. दुसऱ्या छपाईला शब्द गेले, ओळ तशीच राहिली. त्यामुळे १ नाही म्हणून कित्येकांनी खरी पहिली प्रत हातची घालवली असेल, आणि शब्द नसताना २ ला पहिली समजून घेणारेही तितकेच असतील. दोन्ही खुणा एकत्र असतील तरच पहिली.

दुसरा सापळा याहून साधा. ओळीतला १ त्या विशिष्ट आवृत्तीपुरता असतो. पेपरबॅक निघाली, दुसऱ्या प्रकाशकाकडे हक्क गेले, वर्धापनदिनाची आवृत्ती आली, की मोजणी पुन्हा १ पासून. ‘फर्स्ट’ आणि ‘एडिशन’ यांच्यामध्ये एखादा शब्द दडलेला आहे का ते नीट वाचा. मधे पेपरबॅक मालिकेचं नाव असेल तर ती त्या मालिकेतली पहिली.

आकड्यांची ओळ रूढ होण्याआधी ज्या त्या प्रकाशकाची पद्धत वेगळी होती, आणि इथे पाठांतराला पर्याय नाही. स्क्रिब्नर्सनं १९३० पासून पहिल्या छपाईच्या कॉपीराइट पानावर ‘ए’ हे अक्षर टाकायला सुरुवात केली. तेव्हा १९४० च्या ‘फॉर हूम द बेल टोल्स’मध्ये ‘ए’ हवाच, पण १९२५ च्या ‘द ग्रेट गॅट्स्बी’त तो शोधणं व्यर्थ. हार्पर अँड ब्रदर्सनं १९१२ पासून दोन अक्षरांचा संकेत वापरला, पहिलं महिन्याचं आणि दुसरं वर्षाचं. महिने ‘ए’पासून ‘एम’पर्यंत, मधला ‘जे’ वगळून. वर्षं १९१२ साठी ‘एम’पासून पुढे, आणि ‘झेड’ संपल्यावर १९२६ साठी पुन्हा ‘ए’. म्हणजे ‘बी-ए’ हा फेब्रुवारी १९२६. कॉपीराइटच्या सालाशी संकेत जुळला नाही तर प्रत नंतरची. ‘गॉन विथ द विंड’च्या पहिल्या छपाईत १९३६ चा मे महिना छापलेला आहे. प्रत्यक्ष प्रकाशन जूनच्या अखेरीस झालं म्हणून जूनच्या प्रती आधीच्या असाव्यात असं वाटतं, पण जून छापलेल्या प्रती दुसऱ्या छपाईच्या.

ब्रिटिश पुस्तकांत बहुधा ‘प्रथम प्रकाशन’ आणि साल एवढंच असतं, आणि त्याखाली पुनर्मुद्रणांची यादी नसणं हीच पहिलेपणाची खूण. अनुपस्थिती हा पुरावा मानायचा असल्यामुळे तो नेहमी दुसऱ्या कशाने तरी पडताळा.

एकोणिसाव्या शतकातल्या आणि विसाव्याच्या सुरुवातीच्या पुस्तकांत शीर्षकपानावरचं साल आणि त्यामागच्या पानावरचं कॉपीराइटचं साल ताडून पाहा. कॉपीराइट नोंदणीचं साल पुनर्मुद्रणात बदलत नाही. शीर्षकपानावरचं बदलतं, किंवा नंतर गायबच होतं. दोहोंत दोन-तीन वर्षांचं अंतर असेल तर ती प्रत जवळजवळ नक्की नंतरची. जुन्याच प्लेटा भाड्यानं किंवा विकत घेऊन स्वस्त प्रती काढणारे प्रकाशकही होते. अमेरिकेत ग्रॉसेट अँड डनलॅप आणि ए. एल. बर्ट ही त्यातली ठळक नावं. त्यांच्या प्रतींत मूळ कॉपीराइट साल जसंच्या तसं असतं. कण्यावर खाली कुणाचं नाव आहे ते आधी वाचावं.

क्लबाच्या प्रती

सगळ्यांत जास्त फसवणूक, बहुतेक वेळा विकणाऱ्याच्याही नकळत, इथे होते. अमेरिकेत १९२६ मध्ये सभासदांना टपालानं पुस्तकं पाठवणारा ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ सुरू झाला आणि त्यामागोमाग इतर क्लब आले. सभासदांना पाठवायच्या प्रती अनेकदा मूळ प्रकाशकाच्याच प्लेटांवरून छापल्या जात. म्हणून कॉपीराइटचं पान तेच, कधीकधी ‘फर्स्ट एडिशन’ ही ओळसुद्धा तीच. अशा प्रतीत कॉपीराइटचं पान कितीही वेळा वाचलं तरी उत्तर मिळणार नाही.

जॅकेट उतरवा आणि मागचा पुठ्ठा उजेडात तिरका धरा. खालच्या बाजूला, कण्याजवळच्या कोपऱ्यात, शाईशिवाय दाबून उठवलेली छोटी खूण दिसते का? ठिपका, वर्तुळ, चौकोन, कधी झाडाच्या पानाचा आकार. कधी तो ठिपका रंगीतही असतो. समोरून उजेड पडला तर ती दिसत नाही, म्हणून बोट फिरवून बघा. ही खूण सापडली की क्लबाची प्रत.

खूण नसली तरी सुटका नाही. जॅकेटच्या आतल्या घडीवर किंमत आहे का? क्लबाच्या जॅकेटवर ती सहसा नसते, आणि काहींवर त्याच घडीच्या कोपऱ्यात ‘बुक क्लब एडिशन’ छापलेलं असतं. तो कोपरा कापलेला असेल तर तिथे किंमत होती की क्लबाचं नाव, हे आता कोणी सांगू शकत नाही. भेट देताना किंमत कापण्याची रीत जुनी आहे, तेव्हा कापलेला कोपरा म्हणजे लबाडीच असं नाही. तो पुरावा हरवला, इतकंच. विद्यापीठ प्रकाशनांच्या जॅकेटवर किंमत नसणंही नेहमीचं, त्यामुळे किंमत नाही एवढ्यावरून क्लबाचा शिक्का मारू नका.

मग आकारमान. मूळ व्यापारी प्रत शेजारी ठेवता आली तर क्लबाची प्रत सहसा किंचित लहान, कागद हलका आणि कापडाऐवजी कागद चढवलेला पुठ्ठा, असा फरक हातालाच कळतो. डबलडे या अमेरिकन प्रकाशकाच्या क्लबांच्या प्रतींत शेवटच्या काही पानांपैकी एकावर, शिवणीलगतच्या कोऱ्या जागेत, अक्षर आणि आकडे मिळून एक बारीक संकेत असतो. तो छपाईचा काळ सांगतो; पण डबलडेच्या मूळ व्यापारी प्रतींतही असा संकेत असतो, तेव्हा नुसता तो दिसला म्हणून क्लबाची प्रत ठरत नाही. पुस्तक जास्त ताणून उघडावं लागतं, तेव्हा जुन्या शिवणीची काळजी घ्या.

चुकीचे शब्द, बरोबर प्रत

काही पुस्तकांत दोन छपायांमध्ये साल, प्रकाशक, पान, काहीच बदललेलं नसतं; बदललेल्या असतात फक्त दुरुस्त केलेल्या चुका. ‘द ग्रेट गॅट्स्बी’ हे त्याचं ठसठशीत उदाहरण. एप्रिल १९२५ मध्ये पहिल्या छपाईच्या २०,८७० प्रती निघाल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसरी छपाई झाली. दोन्हींवर १९२५. फरक सहा दुरुस्त्यांचा: पान ६० वर पहिल्या छपाईत ‘चॅटर’ आहे, जिथे नंतर ‘एकोलेलिया’ आलं, आणि पान २०५ वर ‘सिक इन टायर्ड’ असे तीन तुटक शब्द आहेत, जे नंतर जोडले गेले. ‘द सन ऑल्सो रायझेस’च्या १९२६ च्या पहिल्या छपाईत पान १८१ वर ‘स्टॉप्ड’ या शब्दात तीन ‘पी’ पडले आहेत. डार्विनच्या १८५९ च्या ‘ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये पान २० वर ‘स्पीशीज’ हाच शब्द चुकलाय, पुस्तकाच्या नावातलाच शब्द. मुद्रितशोधकाची त्या दिवशीची मनःस्थिती कळायला हरकत नाही.

या चुकांची यादी हाताशी ठेवून प्रत तपासणं मजेचं काम आहे, आणि म्हणूनच त्यात घसरायला होतं. चूक आहे म्हणून प्रत पहिली, हा उलटा तर्क चालत नाही. चूक कधी सुधारली गेली हे माहीत असेल तरच तिला वजन. एखादी चूक चार छपाया तशीच राहिलेली असू शकते. १९९७ च्या हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकात, पान ५३ वरच्या सामानाच्या यादीत ‘१ वाँड’ दोनदा आलंय हे सगळ्यांना पाठ आहे. पण तेवढ्यावर कोणी निकाल देत नाही. ब्लूम्सबरी या प्रकाशकाच्या त्या पहिल्या पुठ्ठाबांधणीच्या ५०० प्रतींत आकड्यांची ओळ १ पर्यंत पूर्ण असावी लागते, आणि कॉपीराइट पानावर लेखिकेचं नाव ‘जोअ‍ॅन रोलिंग’ असं असावं लागतं. तिन्ही एकत्र असतील तरच पुढची बोलणी.

जितकं मागे जावं तितकं हे गुंतागुंतीचं होतं. हातयंत्राच्या काळात छपाई चालू असतानाच मुद्रित वाचलं जाई, यंत्र थांबवून खिळे बदलत आणि पुन्हा सुरू करत. आधी छापलेले चुकीचे ताव टाकून देत नसत, कारण कागद महाग. मग फर्मे, म्हणजे तावांना घड्या घालून झालेले पानांचे गट, एकत्र करून बांधताना दुरुस्तीआधीचा एक ताव आणि नंतरचा दुसरा ताव एकाच प्रतीत जाऊन बसत. शेक्सपियरच्या नाटकांचा १६२३ चा संग्रह, फर्स्ट फोलिओ, त्याच्या प्रती म्हणूनच एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत. चार्ल्टन हिनमन या अमेरिकन अभ्यासकानं वॉशिंग्टनमधल्या फोल्जर ग्रंथालयातल्या प्रती ताडून पाहायला एक यंत्रच बनवलं: दोन प्रतींतलं तेच पान आरशांतून एकावर एक आलटून पालटून दाखवलं की फरक असेल तिथलं अक्षर हलतं. अशा पुस्तकाच्या बाबतीत ‘ही पूर्णपणे पहिल्या अवस्थेतली प्रत’ असं कोणी म्हणालं तर कुठला ताव, असं विचारा.

एकोणिसाव्या शतकातही बांधणीचा हा खेळ संपलेला नव्हता. डिकन्सच्या १८४३ च्या ‘ए ख्रिसमस कॅरोल’मध्ये पहिल्या प्रकरणाचा क्रमांक काही प्रतींत रोमन आकड्यात तर काहींत अक्षरात आहे. अस्तराचा, म्हणजे पुठ्ठ्याला आतून चिकटवलेला, कागद कुठे हिरवा, कुठे पिवळा. या खुणांची जुळणी वेगवेगळ्या प्रतींत वेगवेगळी पडते, आणि कुठली आधीची यावर संग्राहक अजून भांडतात. छापण्याचा क्रम आणि बांधण्याचा क्रम एकच होता असं गृहीत धरलं की इथे हमखास फसगत.

पहिली, पण कुठली?

कधी प्रत निर्दोष असते आणि प्रश्नच चुकलेला असतो. ‘मोबी डिक’ आधी लंडनमध्ये ऑक्टोबर १८५१ मध्ये ‘द व्हेल’ या नावानं तीन खंडांत आलं, अमेरिकन प्रत नोव्हेंबरमध्ये. ‘हकलबरी फिन’ ब्रिटनमध्ये डिसेंबर १८८४ ला आलं आणि लेखकाच्या स्वतःच्या देशात फेब्रुवारी १८८५ मध्ये. तरी संग्राहक पुष्कळदा लेखकाच्या देशातलीच पहिली प्रत जास्त मानतात. दोन्ही बाजू मान्य आहेत. विक्रेत्यानं कुठली ‘पहिली’ म्हटलंय ते स्पष्ट करून घ्या. ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’चं तर आणखी वेगळं. १८६५ ची छपाई चित्रकार टेनिएलला पसंत पडली नाही म्हणून मागे घेतली गेली, आणि वाचकांच्या हाती रीतसर आली ती पुन्हा छापलेली, शीर्षकपानावर १८६६ असलेली. ती बाजारात मात्र १८६५ च्या नोव्हेंबरातच आली होती. वर्षअखेरच्या पुस्तकांवर पुढचं साल टाकणं तेव्हा रूढच होतं.

जॅकेट आणि नकला

‘द हॉबिट’च्या १९३७ च्या पहिल्या छपाईच्या १,५०० प्रतींच्या जॅकेटवर, मागच्या घडीवर, ‘डॉजसन’ या नावात एक ‘ई’ जास्त पडला होता आणि तो शाईनं हातानं खोडलेला असतो. अशी खोडलेली जागा दिसली की अनोळखी माणूस जॅकेट खराब आहे म्हणतो.

आता हुबेहूब नकली जॅकेटं मिळतात, आणि प्रामाणिक कारागीर त्यावर तसं छापतोही. ती ओळ कात्रीनं जाते. तेव्हा भिंगाखाली पाहा: मूळ छपाईत भरीव रंगात असलेली अक्षरं नकलेत बारीक ठिपक्यांची बनलेली दिसतात. जॅकेट आणि पुस्तक एकत्र म्हातारे झाले का, तेही दिसतं. जॅकेटची घडी वर्षानुवर्षं अस्तरावर टेकलेली असेल तर तिथे तिच्या आकाराची सावली उमटते. तिची कड आत्ताच्या घडीशी जुळली पाहिजे. जॅकेटचा कणा कोराकरकरीत आणि खालचं कापड उन्हानं विटलेलं असेल तर ते दोघं उशिरा भेटलेले.

संपूर्ण पुस्तकाची नक्कल असेल तर कागदाला विचारा. दुसऱ्या महायुद्धानंतर कागदात चकाकी आणणारी रसायनं आली. अतिनील दिव्याखाली असा कागद निळसर पांढरा उजळतो, जुना मंद राहतो. कागदानंच एक मोठं कुभांड उघडं पाडलंय. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगच्या सुनीतांची ‘रेडिंग, १८४७’ असं छापलेली पुस्तिका अनेक वर्षं पहिली आवृत्ती म्हणून विकली गेली. १९३४ मध्ये जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या पुस्तकविक्रेत्यांनी दाखवून दिलं की तिच्या कागदातला रसायनांनी केलेला लाकडाचा लगदा १८४७ मध्ये वापरातच नव्हता. अशा डझनावारी पुस्तिकांमागे टॉमस वाइज हा त्या काळचा सर्वांत मान्यवर संग्राहक होता.

प्रत समोर नसेल तर

विक्रेत्याकडून फोटो मागताना ‘आणखी फोटो पाठवा’ एवढं म्हणून भागत नाही. शीर्षकपान, त्याची मागची बाजू पूर्ण, जॅकेटच्या दोन्ही घड्या कोपऱ्यांसकट, जॅकेट काढून मागचा पुठ्ठा तिरक्या उजेडात, कण्याचा खालचा भाग, आणि ज्या पानांवर ओळखीच्या चुका आहेत ती पानं, असं नाव घेऊन मागा. हे फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर पुस्तक सोडून द्यावं असं माझं मत. लेखकाची तपशीलवार ग्रंथसूची मिळत असेल तर ती इतर सगळ्या याद्यांच्या वर ठेवा, कारण तिच्यात प्रत्येक छपाईच्या खुणा प्रती शेजारी ठेवून नोंदलेल्या असतात. विक्रीच्या जुन्या वर्णनांत एकाची चूक दुसऱ्यानं उचललेली फार असते.

आणि पुरावे एकमेकांशी भांडत राहिले तर नोंद तशीच करा: ‘पहिली आवृत्ती, छपाई अनिश्चित, जॅकेट नंतरच्या छपाईचं, कोपरा कापलेला.’